परड्यातला टोमॅटो ते पावसाळ्यातली आमटी : कामाच्या नोंदी

२८ डिसेंबर २०२४

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा आमच्या घरातलं सार बंद झालं आणि आमटीत चिंच परत आली. चिंचेला माझी ना नाही, पण परड्यात जानेवारी-फेब्रुवारीत टोमॅटो पायदळी येईतो पिकतो आणि जुलैत आपण दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसतो, हे मला खटकत होतं. यंदा बेत असा की परड्यातला माल पावसाळ्यापर्यंत टिकेल असा करून ठेवायचा. शिवाय कुठल्या पदार्थाला टोमॅटो कसा तयार करून घ्यावा लागतो, तेही लिहून ठेवायचं. मोबाईलवरच्या कृती ‘टोमॅटो घ्या, मिक्सरला फिरवा’ इथंच संपतात.

वाफे दोन प्रकारचे. एक गावठी, ज्याचं बी आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, वर्षानुवर्षं राखलंय. चपटा, पाकळ्यापाकळ्यांचा, साल पातळ, रस भरपूर आणि आंबटपणा असा की डोळा मिटावा. दुसरी नर्सरीतून आणलेली संकरित रोपं. फळ लांबोळं, गर जाड, साल त्याहून जाड. बेळगावच्या बाजारात पेटीतून येतो तो असलाच, कारण त्याला ट्रकातून प्रवास करायचा असतो.

टोमॅटोत शेकडा ९४-९५ भाग पाणी. चव, रंग, साल, बी हे सगळं उरलेल्या पाच-सहा भागांत. कृतीवाल्यांचा टोमॅटो बहुधा जाड गराचा असतो आणि आपल्या हातात असतो पाणीदार, म्हणून त्यांचं माप आपल्याला लागू पडत नाही. या नोंदींत मी मुख्यतः पाण्याच्याच मागं लागणार आहे.

४ जानेवारी २०२५

पहिला मोठा तोडा. सकाळी दव उतरल्यावर तोडला. दुपारी तोडलेलं फळ उन्हानं तापलेलं असतं आणि तसंच आडाच्या गार पाण्यात टाकलं तर आतली हवा आकसून देठाच्या खाचेतून पाणी, आणि पाण्याबरोबर त्यातली घाण, आत ओढली जाते. म्हणून दुपारचा तोडा असेल तर आधी सावलीत पसरून निवू द्यायचा. धुवायचा तो देठासकट, चिरायच्या आधी. आमची माती तांबडी, ती गावठीच्या पाकळ्यांच्या खाचेत जाऊन बसते. बोटानं चोळल्याशिवाय निघत नाही.

निवडताना तीन ढीग केले. टणक आणि अखंड ते ठेवायचे. तडकलेले आजच्या आज शिजवायचे. अळीनं भोक पाडलेल्यांत भोकाभोवतीचा भाग कापून आतला गर घट्ट असेल तर घरच्या भाजीला, लिबलिबीत असेल तर सरळ उकिरड्यावर. साठवणीच्या रसात अळीचं फळ घालायचं नाही, एवढं आज ठरवून टाकलं.

राखायचे ते टोपलीत देठाची खाच खाली करून मांडले. फळातलं बरंचसं पाणी याच खाचेतून उडून जातं, बुरशीही तिथूनच शिरते. फ्रिजमध्ये एकही ठेवला नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली टोमॅटोचं पिकणं थांबतं आणि वासही जातो. लालभडक पिकलेला असेल आणि दोन दिवसांत संपायचा असेल तर ठेवायला हरकत नाही, तेवढीच.

१३ जानेवारी

भोगी. मिसळीच्या भाजीत टोमॅटो घालू का म्हणून विचारलं तर आत्तींनी नुसतं बघितलं. घातला नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ती भाजी. प्रकल्पाला सुट्टी.

१९ जानेवारी

आजचा विषय साल.

साल काढायची की नाही, हे पदार्थावर. घरच्या रोजच्या भाजीत गावठीची साल शिजून मऊ होते, कुणाच्या लक्षातही येत नाही. संकरिताची साल मात्र गुंडाळी होऊन वर तरंगते आणि दातात अडकते. पोरगा ती ताटाच्या कडेला ओळीनं मांडतो. सारात, साठवणीच्या रसात आणि घट्ट रश्श्यात दोन्हींची काढावी.

‘एवढ्याशा टमाट्याची सालं कशाला काढालीस ग?’ आत्ती म्हणाल्या. तरी जवळ येऊन बसल्याच.

चार रीती शेजारी शेजारी करून बघितल्या.

उकळत्या पाण्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते, पण घाईनं बिघडते. देठाचा कठीण भाग सुरीच्या टोकानं कोरून काढायचा, बुडाला फुलीसारखी वरवरची चीर द्यायची आणि पाणी खळखळत असताना थोडेथोडेच सोडायचे. एकदम टोपलीभर टाकले तर पाण्याची उकळी बसते आणि साल सुटायच्या आधी फळ शिजायला लागतं. पूर्ण पिकलेल्याला अर्धं मिनिट पुरतं, टणकाला मिनिटभर. चिरेच्या कडा कुरळ्या झाल्या की झाऱ्यानं काढून गार पाण्यात. मग साल चिमटीत धरून ओढली की पाकळीसारखी सुटते. होतं असं की सालीखालचा पातळ थर उष्णतेनं सैल होतो, गर मात्र अजून कच्चाच असतो. म्हणून गार पाणी विसरायचं नाही, नाहीतर आतली उष्णता गराला शिजवत राहते.

संकरिताला ही रीत एक नंबर. गावठीच्या पाकळ्यांच्या खाचांत साल अडकून बसते, ती नखानं उचकावी लागते.

दुसरी रीत चुलीची. निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळावर सुरीच्या टोकाला खोचून फिरवायचा. साल तडतडते, काळी पडते, पुसून काढायची. पाण्याखाली धरायचा नाही, धुराचा वास तिथंच वाहून जातो. रोजच्या आमटीला हा वास नको वाटतो, पण भाजलेल्या संकेश्वरी मिरचीबरोबर आणि लसणाबरोबर खलबत्त्यात कुटला, वर मीठ आणि कच्चं शेंगतेल, की भाकरीला दुसरं काही लागत नाही. आजचा जेवणाचा प्रश्न असाच सुटला.

तिसरी किसणीची. फळ आडवं अर्धं कापायचं आणि कापलेली बाजू मोठ्या भोकांच्या किसणीवर फिरवायची. गर खाली, साल तळहातात. ना उकळतं पाणी, ना जाळ. सकाळी डब्याच्या घाईत रश्श्यासाठी दोन-तीन टोमॅटो हवे असतील तर माझ्या मते यासारखी रीत नाही. गावठीला तर ही फारच मानवते.

चौथी बर्फाची. अख्खा टोमॅटो धुऊन, पुसून बर्फाच्या कप्प्यात गोठवायचा. लागेल तेव्हा नळाखाली धरून चोळला की साल सरकते. गोठताना आतल्या पेशी फुटतात, त्यामुळं वितळल्यावर फळ लिबलिबीत होतं. कोशिंबिरीला गेलंच समजा, पण शिजवायला काही बिघडत नाही. यात एक फायदा अनपेक्षित निघाला. वितळताना वाडग्यात जवळजवळ स्वच्छ पाणी वेगळं साचतं. रस्सा घट्ट हवा असेल तर ते ओतून घ्यायचं. फेकायचं नाही, भातात घालायचं.

२६ जानेवारी

बी.

कृतींत लिहिलेलं असतं की बिया काढून टाका. आडवं कापून मुठीत हलकं दाबलं की बियांचा बुळबुळीत गर बाहेर येतो, नुसती भिंत उरते. संकरिताच्या भिंतीला तरी जाडी आहे. गावठीतून बिया काढल्यावर हातात जे राहतं ते बघून शेजारच्या अक्का हसल्या. त्या घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि सारू, म्हणजे त्यांचं सार, करताना दोन्ही भाषांत बडबडतात. त्यांच्या सारूत बियांसकट सगळं जातं, शेवटी गाळून घेतात. चव आमच्याहून बरी, हे कबूल करायला हवं.

त्यामागचं कारण सापडलं. इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाचा २००७ सालचा अभ्यास आहे. त्यांनी टोमॅटोची भिंत आणि बियांभोवतीचा गर वेगवेगळा तपासला. पदार्थाला भरलेली, रसदार चव देणारं ग्लुटामिक आम्ल भिंतीत किलोमागं सरासरी १.२६ ग्रॅम निघालं आणि बियांच्या गरात ४.५६ ग्रॅम. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. बिया काढून टाकणारा माणूस चव काढून टाकतो आणि मग वरून मसाला वाढवतो.

तेव्हा बी काढायचं असेल तर त्याचा गर चाळणीतून घासून परत घ्यायचा. आमच्याकडे यासाठी वेगळं यंत्र विकत आणायची गरज नाही, पुरणयंत्र आहे. टोमॅटोच्या फोडी झाकण ठेवून दहा मिनिटं वाफवल्या आणि पुरणयंत्रातून फिरवल्या. साल वर राहिली, गर खाली उतरला, बारीक बिया थोड्या निसटल्या. त्या नको असतील तर तोच गर पुरणाच्या बारीक चाळणीवर पळीच्या पाठीनं घासायचा. यंत्र स्टीलचं हवं. आत्तींचं जुनं पितळी यंत्र आंबटाला लावायचं नाही.

मिक्सरबद्दल माझं मत वाईट झालंय. कच्चा टोमॅटो मिक्सरला फिरवला की हवा शिरून रंग गुलाबट पडतो, फेस येतो, आणि बिया फुटल्या तर मागं किंचित कडवट लागतं. लग्नघरची घाई असेल तर ठीक.

२ फेब्रुवारी

लहान नोंद, पण वादाची. डाळीबरोबर टोमॅटो कुकरला लावायचा की नंतर घालायचा? थोरल्या जावेचं म्हणणं एकदमच लावा, गॅस वाचतो. आज वाल अर्धे अर्धे करून दोन डब्यांत लावले, एकात टोमॅटो, एकात नुसते. शिट्ट्या सारख्याच. टोमॅटोतले वाल मधे कणीदार राहिले. आम्लात कडधान्याची भिंत लवकर सैल होत नाही. तूरडाळीला फारसं जाणवत नाही, पण वाल, चवळी, हरभरा आधी मऊ शिजवावा आणि टोमॅटो फोडणीत परतून मग घालावा. जाऊ म्हणाली, ‘असूं दे, आमचा कुकर मोठा हाय.’

९ फेब्रुवारी

साठवणीच्या रसाचा दिवस. घरातली सगळी भांडी बाहेर.

भांड्यावरून सुरुवात. लोखंडी कढईत टोमॅटो आटवला तर रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आंबटानं खड्डे पडतात. पितळेला कल्हई अंगभर आणि ताजी असेल तरच. उरलं स्टील, आणि खानापूरची मातीची भांडी. मातीच्या भांड्याला आंबटाचं काही वावडं नाही आणि आच सगळीकडून सारखी लागते, पण तोंड लहान, त्यामुळं पाणी आटायला फार वेळ जातो. आटवायला रुंद तोंडाचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलंच बरं पडलं. मातीत सार केलं, ते छान झालं.

आता खरा मुद्दा. टोमॅटो चिरून ताटात ठेवला की त्यातली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि रसाला धरून ठेवणारं पेक्टिन तोडायला लागतात. तासाभरानं असा रस शिजवला तर वर पिवळसर पाणी आणि खाली चोथा, असे दोन थर पडतात. पाणी आटवत बसा मग. ही विकरं साधारण ८२ अंशांच्या वर मरतात. म्हणून चिरणं आणि तापवणं यांत वेळ जाऊ द्यायचा नाही.

केलं ते असं. एकूण फळांच्या सहाव्या हिस्स्याच्याच फोडी आधी चिरल्या, लगेच पातेल्यात टाकून मोठ्या आचेवर रवीनं ठेचत उकळी आणली. उकळी धरली की बाकीच्या फोडी चिरता चिरता मूठमूठ टाकत गेलो, मी चिरत होते आणि हे ढवळत होते. उकळी मोडेल एवढं एकदम टाकायचं नाही. शेवटची मूठ पडल्यावर पाच मिनिटं उकळू दिलं. गावठी पाणीदार असूनही या रसाचे थर पडले नाहीत. रात्री वाडग्यात झाकून ठेवला होता, सकाळी तसाच एकजीव.

मग पुरणयंत्र, मग चाळणी. पाच किलो गावठीचा सव्वाचार लिटरच्या आसपास रस निघाला, तो दोन लिटरवर आणला. आटवताना शेवटची वीस मिनिटं पातेल्याजवळून हलायचं नाही. रस दाट झाला की बुडबुडे लाव्हारसासारखे उडतात आणि मनगटावर येऊन बसतात. पळीनं बुडाला रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की उतरवायचा. मीठ, साखर, मसाला काही घातलं नाही. कशात वापरायचा ते पुढं ठरेल, तेव्हा त्याला कोरा ठेवलेला बरा.

आंबटपणाबद्दल एक. साखर किंवा गूळ आंबटपणा झाकतो, कमी करत नाही. कमीच करायचा तर चिमटीभर खायचा सोडा. फेस येऊन बसतो आणि आंबटपणा खरोखर उतरतो. पण हात जरा सैल सुटला तर साबणाची चव, म्हणून आमच्याकडे गूळच.

१६ फेब्रुवारी

मागच्या खेपेच्या उलट. सारासाठी घट्टपणा नकोच असतो. म्हणून गावठी टोमॅटो चिरून, मीठ लावून अर्धा तास मुद्दाम तसाच ठेवला. सुटलेलं पाणी फडक्यातून निथळलं. रंग फिका, चव मात्र तोंडभर. त्यात आलं, जिरं, ब्याडगीची तुपातली फोडणी आणि शेवटी नारळाचं दूध. दूध आच बंद करून घालायचं, उकळीवर घातलं की फाटतं. मीठ आधीच आलेलं असतं, परत घालू नये.

फडक्यात उरलेला गर झुणक्यात गेला.

२ मार्च

साठवणीचा निकाल लावायचा होता.

बाटल्या भरून वर्षभर बाहेर ठेवाव्यात असा माझा आधीचा विचार. वाचल्यावर सोडला. बंद बाटलीत जीवघेणं विष तयार करणारा बोटुलिनमचा जंतू ४.६ पीएचच्या खाली वाढत नाही (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट), आणि टोमॅटो नेमका त्या रेषेच्या काठावर असतो. काही जाती, फार पिकलेली फळं, ही रेषा ओलांडतात. म्हणून अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेत जवळजवळ लिटरभराच्या बरणीला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालायला सांगितलंय. लिंबू ताजं नको, कारण त्याचा आंबटपणा प्रत्येकाचा वेगळा. शिवाय उंचीचा हिशेब. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, इथं पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. त्यांच्या तक्त्यात हजार फुटांवर गेलं की बरणी उकळत ठेवायची वेळ पाच मिनिटांनी वाढते. हे सगळं पाळता येईल, पण त्यांच्या बरण्यांना लागणारी दोन तुकड्यांची झाकणं मला जवळपास मिळाली नाहीत, आणि जॅमच्या जुन्या बाटलीच्या झाकणावर घरच्यांचा जीव टांगायची माझी तयारी नाही.

तेव्हा रस गोठवायचा. निम्मा बर्फाच्या साच्यात, एक वडी म्हणजे दोघांच्या आमटीला पुरेल एवढी. निम्मा चपट्या पाकिटांत, वर बोटभर जागा सोडून, कारण गोठताना फुगतो. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि सुरीनं हवा तेवढा तुकडा पाडता येतो. वीज गेली तर कप्पा उघडायचा नाही, अशी चिठ्ठी दारावर लावलीय.

उरलेलं वाळवण. यासाठी संकरितच, गावठीत वाळवण्यासारखं काही नसतं. उभ्या चार फोडी, वर मीठ, साल खाली करून सुती कापडावर, वरून मलमल. रात्री घरात. फोड वाकवली की मोडू नये आणि दाबली की ओल येऊ नये, इतपत. ताज्या सोळा किलोचं एक किलोच्या आसपास उरतं. टोपलीभर फळांची मूठभर वाळवणं बघून घरात थोडी शांतता पसरली होती.

१६ मार्च

ऊन वाढलं. झाडावरचा टोमॅटो आता लाल न होता खांद्याशी पिवळाच राहतोय. तीस अंशांच्या वर लाल रंग नीट धरत नाही, पिवळा मात्र धरत राहतो. असल्या फळाचा रस नारिंगी होतो, चवही बोथट. उपाय म्हणजे पाडाला आलेला, बुडाशी नुसता रंग फुटलेला तोडायचा आणि घरातल्या गार खोलीत भाताच्या पिंजरात अढी घालायची. आंब्याची अढी घालणाऱ्या आत्तींना हे शिकवायला लागलं नाही. रंग चांगला आला.

३० मार्च

पाडवा. झाडं उपटली. हिरवे राहिलेले टोमॅटो चिरून तेलावर परतले, तीळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, चटणी. पुरणयंत्र दोन महिन्यांनी पुरणाला मिळालं.

गावठीचं बी काढलं. बियांचा गर पेल्यात दोन दिवस आंबवला, वर साय आली, मग चोळून धुतला. तळाशी बसलं तेवढं बी घेतलं, तरंगलेलं सोडलं. सावलीत ताटलीवर वाळवलं. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. संकरिताचं बी ठेवून उपयोग नाही, पुढच्या पिढीत फळ तसंच येईल याची खात्री नसते.

८ जून २०२५

पाऊस यंदा मेअखेरीलाच सुरू झाला. परड्यात चिखल.

आज तीन आमट्या मुद्दाम एकाच वेळी केल्या. आटवलेल्या गावठी रसाची वडी घातलेली सगळ्यांत आधी संपली. अख्खा गोठवलेला टोमॅटो रश्श्याला बरा, आमटीत पाणचट वाटला. वाळवण कोमट पाण्यात भिजवून, ते पाणीही आमटीतच घालून बघितलं. चव दाट, थोडी खारट, साल चिवट. माझ्या मते त्याला वाटून मसाल्यात घालणं योग्य, आमटीत तुकडे नकोत.

पुढच्या खेपेला रस गावठीचाच करायचा, संकरित वाळवणापुरता चार रोपं. आणि बर्फाचे साचे आणखी आणायचे, कारण अक्कांनी येऊन आठ वड्या मागून नेल्यात.